नागमोडी लेस

आमच्या गावात नारळाचं झाड नव्हतं. एकही नाही. माण तालुक्यात, दहिवडीपासून आत, जिथं पावसाळ्यातसुद्धा ढग नुसते डोक्यावरून निघून जातात, तिथं नारळ कुठून यायचा? तरी शाळेत ‘निसर्गचित्र काढा’ म्हटलं की आम्ही सगळी पोरं तेच काढायचो. दोन त्रिकोणी डोंगर, मधोमध उगवता सूर्य, डोंगरातून निघालेली निळी नदी, काठावर कौलारू झोपडी आणि झोपडीवर झुकलेला नारळ. माझे वडील, अण्णा, त्याच शाळेत चित्रकलेचे मास्तर. वर्गात हिंडता हिंडता ते एखाद्याच्या पाठीमागं थांबायचे आणि विचारायचे, “बाळा, हे झाड तू कुठं बघितलंस?” पोरगं गप्प. “खिडकीतनं बाहेर बघ. काय दिसतंय?” बाहेर बाभळ असायची. बाभळ काढायला कुणीच राजी नसायचं. मीसुद्धा नाही, मास्तरांची मुलगी असून.

आई गेल्यानंतर गेल्या वर्षी अण्णा पाच महिने आमच्याकडे येऊन राहिले. आम्ही अमेरिकेत आयोवा राज्यातल्या सीडर रॅपिड्स या गावात राहतो, चौदा वर्षं झाली. नदीकाठी क्वेकर ओट्सचा मोठा कारखाना आहे आणि वारा तिकडून असला की सगळ्या गावात धान्य भाजल्याचा वास येतो. पहिल्याच सकाळी अण्णा अंगणात उभे राहून म्हणाले, “कुणीतरी भाजणी काढलीय.” बाकी त्यांना कशात फारसा रस वाटेना. मॉल नको, शिकागो नको. म्हणून एका शनिवारी त्यांना गावातल्या कलासंग्रहालयात घेऊन गेले. तिथं ग्रँट वुडची चित्रं आहेत. हातात दाताळं धरलेला चष्मेवाला म्हातारा आणि शेजारी ओठ घट्ट मिटलेली बाई, पाठीमागं टोकदार खिडकीचं पांढरं घर, असं ते जगभर ओळखलं जाणारं चित्र ज्यानं काढलं, तो हा ग्रँट वुड. ते चित्र शिकागोला असतं. पण माझ्या मनातलं चित्र इथंच आहे.

त्याचं नाव ‘वूमन विथ प्लांट्स’, साल १९२९. एक वयस्कर बाई कमरेपासून वर दिसते. काळा पोशाख, त्यावर हिरवट ॲप्रन, ॲप्रनच्या कडेनं शिवलेली नागमोडी लेस, गळ्याशी कोरीव काम केलेली पिन. हातात मातीची कुंडी आणि कुंडीत उभ्या पात्यांचं स्नेक प्लांट. पाठीमागं सुगी संपलेलं शेत, आपल्याकडे कडब्याच्या पेंढ्या उभ्या करतात तशी उभी केलेली मक्याची ताटं. बाई आपल्याकडे बघत नाही, कुठंतरी बाजूला बघते.

अण्णा त्या चित्रासमोर बराच वेळ थांबले. पाटीवरचं इंग्रजी त्यांनी वाचलं नव्हतं. मग मला म्हणाले, “हात बघ. चेहरा जमतो गं, हातांना मास्तर घाबरतो. हिचे सांधे बघ कसे जाड झालेत. ही त्याची आई ना?”

ती त्याची आईच. हॅटी वुड.

घरी येताना गाडीत अण्णांनी त्याची सगळी हकीकत विचारली आणि मला जेवढी ठाऊक होती तेवढी मी सांगितली. उरलेली पुढच्या काही आठवड्यांत दोघांनी मिळून शोधली. मी वाचायचं, अण्णांनी ऐकायचं.

ग्रँट वुडचा जन्म १३ फेब्रुवारी १८९१चा, अनामोसा गावाजवळच्या शेतावरचा. वडील क्वेकर या ख्रिस्ती पंथाचे, शिस्तीचे. कुणी परीकथांचं पुस्तक भेट दिलं तर ‘आम्ही फक्त खरं तेच वाचतो’ म्हणून ते परत करणारे. पोरगं जेवणाच्या टेबलाखाली, लाल चौकड्यांच्या टेबलक्लॉथच्या आडोशाला बसून पुठ्ठ्यावर कोंबड्या काढायचं. हे ऐकून अण्णा खूश झाले. ते स्वतः लहानपणी कणगीमागं बसून कोळशानं भिंतीवर बैल काढायचे आणि मार खायचे. १९०१ साली ग्रँटचे वडील वारले. शेत विकून हॅटी चार मुलांना घेऊन सीडर रॅपिड्सला आल्या. ग्रँट तेव्हा दहा वर्षांचा होता. दहाव्या वर्षी शेत सुटलं ही गोष्ट मला त्याच्या आयुष्यातली सगळ्यात मोठी वाटते. तो पुन्हा कधी शेतकरी झाला नाही. डांगरी घालून फिरायचा, मला चित्रांच्या चांगल्या कल्पना गाईचं दूध काढतानाच सुचल्या असं सांगायचा, पण गाय केव्हाच सुटली होती.

त्यानं पोटासाठी काय काय केलं! धातूकाम शिकला, शिकागोत चांदीचे दागिने घडवले, पहिल्या महायुद्धात तोफा लपवायच्या रंगकामावर होता, मग सीडर रॅपिड्सच्या शाळेत चित्रकलेचा मास्तर झाला. इथं अण्णा जरा सरसावून बसले. “मास्तर होता?” होता. सहाएक वर्षं. सुट्टीत पैसे साठवून युरोपात जायचा. १९२० ते १९२८ या काळात चार वेळा गेला. पॅरिसच्या अकादमी ज्युलियाँमध्ये शिकला, पॅरिसच्या कमानी, जुनी दारं, फुललेल्या बागा काढल्या, ठिपक्याठिपक्यांच्या मऊ रंगात, तेव्हा तिथं सगळे काढत होते तशाच. १९२६ साली पॅरिसमध्ये प्रदर्शनही भरवलं. फारसं कुणी विचारलं नाही.

ती चित्रं सीडर रॅपिड्सला बघायला मिळतात. वाईट नाहीत. पण ती कुणीही काढलेली असू शकतात. अण्णा त्यांच्यासमोर थांबलेच नाहीत, जाता जाता म्हणाले, “नारळ.”

चौथी फेरी मात्र वेगळ्या कामासाठी झाली. गावातल्या युद्धस्मारकाच्या इमारतीला रंगीत काचेची भलीमोठी खिडकी करायचं काम त्याला मिळालं होतं. काच भाजून रंगवण्याचं त्याला हवं तसं कसब होतं ते जर्मनीत, म्हणून १९२८ साली तो म्युनिकला जाऊन राहिला. तिथल्या जुन्या संग्रहालयात त्यानं पंधराव्या शतकातल्या हान्स मेमलिंगसारख्या चित्रकारांची चित्रं बघितली. कडक रेषा, गुळगुळीत रंग, प्रत्येक धागा वेगळा दिसेल असं काम. आणि त्याहून मोठं म्हणजे, त्या चित्रकारांनी बायबलातली माणसं स्वतःच्या गावच्या कपड्यांत, स्वतःच्या गावच्या टेकड्यांसमोर उभी केली होती. चारशे वर्षांपूर्वीच्या माणसाला आपलं गाव चालत होतं.

(त्या खिडकीवरून गावात पुढं मोठा वाद झाला. ज्या जर्मनीशी लढून माणसं मेली, त्यांच्या स्मारकाची काच जर्मनीत का बनवली, असं म्हणत ‘डॉटर्स ऑफ द अमेरिकन रेव्होल्यूशन’ या बायकांच्या संघटनेनं विरोध केला. खिडकीचं रीतसर लोकार्पण झालं ते १९५५ साली, त्याच्या मृत्यूनंतर तेरा वर्षांनी. त्यानं स्वतः १९३२ साली त्या बायकांचं एक चित्र काढून उत्तर दिलं. नाव ‘डॉटर्स ऑफ रेव्होल्यूशन’. चहाचा कप धरलेली हडकुळी बोटं त्यात आहेत, ती विसरता येत नाहीत.)

म्युनिकहून आला आणि पुढच्या वर्षी आईला समोर बसवलं. त्याचं स्वतःचं म्हणता येईल असं काम इथून सुरू होतं असं मला वाटतं. टीकाकार सुरुवात शिकागोच्या त्या दाताळ्यापासून करतात, मी या कुंडीपासून करते.

तेव्हा तो आईबरोबर कुठं राहत होता, तेही बघण्यासारखं आहे. पाच नंबर, टर्नर ॲली. डेव्हिड टर्नर नावाच्या गृहस्थांचा अंत्यविधीचा व्यवसाय होता. त्यांच्या आवारात पूर्वी घोडागाड्या ठेवायची इमारत होती. तिचा माळा त्यांनी ग्रँटला बिनभाड्यानं दिला. १९२४ पासून पुढं दहा-अकरा वर्षं आई आणि मुलगा, कधी बहीण नॅनसुद्धा, त्या एवढ्याशा माळ्यावर राहिले. भिंतींना गिलावा, सामान ठेवायचे कोनाडे, झोपायची सोय, सगळं त्यानं हातानं केलं. दार त्यानं शवपेटीच्या झाकणाचं बनवलं होतं आणि त्यावर काटा फिरवायची एक तबकडी बसवली होती. ग्रँट घरात आहे, गावाला गेलाय, झोपलाय, अंघोळ करतोय, यातलं जे असेल त्यावर काटा. अण्णांनी ते जिन्यावर उभं राहून बघितलं. वर माळ्याच्या उतरत्या छताखाली मान वाकवून ते म्हणाले, “आईला वर चढायला त्रास होत असेल.” मला तो विचार कधीच सुचला नव्हता.

१९३०च्या ऑगस्टमध्ये दक्षिणेकडच्या एल्डन गावात त्यानं ते टोकदार खिडकीचं लहानसं घर बघितलं आणि एका पाकिटाच्या पाठीवर टिपून घेतलं. एवढ्याशा लाकडी घराला चर्चसारखी गॉथिक खिडकी. असल्या घरात कशी माणसं राहत असतील, ती त्यानं मनानं उभी केली. बाईसाठी बहीण नॅनला बसवलं, पुरुषासाठी त्याच्या दातांचे डॉक्टर, बायरन मॅक्कीबी. दोघं एकत्र कधी बसले नाहीत आणि त्या घरासमोर तर उभेही राहिले नाहीत. ती बाई म्हाताऱ्याची बायको नसून मुलगी आहे, असं नॅन पुढं जन्मभर सांगत राहिली. चित्र लहान आहे, जेमतेम अडीच फूट उंच, तेही साध्या दाबलेल्या लगद्याच्या बोर्डावर. ‘अमेरिकन गॉथिक’ शिकागोच्या आर्ट इन्स्टिट्यूटच्या वार्षिक प्रदर्शनात गेलं, ब्राँझ पदक आणि ३०० डॉलर मिळाले आणि संस्थेनं ते विकत घेतलं. एकोणचाळीस वर्षांचा माणूस रातोरात देशभर माहीत झाला. आयोवातल्या शेतकरी बायका मात्र चिडल्या. आम्ही अशा दिसतो का, म्हणून.

त्या चित्राच्या जवळ जाऊन बघितलं तर आई तिथंही सापडते. नॅनच्या गळ्याशी तीच कोरीव पिन आहे, ग्रँटनं इटलीतून आईसाठी आणलेली. तिच्या मागं व्हरांड्यात तीच स्नेक प्लांटची कुंडी आहे. आणि ॲप्रनला तीच नागमोडी लेस. ती लेस तोवर फॅशनमधून गेली होती, दुकानात मिळेना. तेव्हा नॅननं आईच्या जुन्या कपड्यांची उसवून काढली आणि नव्या ॲप्रनला शिवली.

हे मी वाचून दाखवलं तेव्हा अण्णा काही बोलले नाहीत. उठून खिडकीशी जाऊन उभे राहिले.

पुढच्या रविवारी आम्ही अनामोसा आणि स्टोन सिटीला गेलो. घरापासून अर्ध्या-पाऊण तासाचा रस्ता. स्टोन सिटीत एके काळी चुनखडीच्या दगडाच्या खाणी जोरात होत्या. पोर्टलंड सिमेंट आलं आणि गाव बसलं. १९३० साली ग्रँटनं ते गाव काढलं तेव्हा ते बसलेलंच होतं, पण त्याच्या चित्रात बघाल तर टेकड्या उशीसारख्या फुगलेल्या, झाडं चेंडूसारखी गोल, मक्याची कोवळी रोपं शिवणाच्या टाक्यांसारखी ओळीत. अण्णांनी वापसिपिनिकन नदीच्या पुलाजवळ गाडी थांबवायला लावली. मोबाइलवर चित्र धरून ते समोरची टेकडी आणि चित्रातली टेकडी ताडून बघत होते.

“इतकी गोल नाही,” ते म्हणाले.

माझ्या मनात बरेच दिवस घोळत असलेली गोष्ट मी तिथं बोलले. त्या काळात आयोवाचा शेतकरी बुडत होता. मका विकण्यापेक्षा चुलीत जाळणं परवडत होतं. कर्जापायी शेतं लिलावात निघत होती. काही ठिकाणी शेजारीपाजारी जमून एक-दोन सेंटची बोली लावायचे, परक्याला बोली लावू द्यायचे नाहीत आणि घेतलेलं सामान परत त्याच शेतकऱ्याच्या हवाली करायचे. यातलं काहीच याच्या शेतांच्या चित्रांत नाही. ‘स्प्रिंग टर्निंग’ हे चित्र १९३६चं. त्यात हिरव्यागार टेकड्यांवर एक मुंगीएवढा माणूस दोन घोड्यांच्या नांगरानं नांगरतोय, तेव्हा गावोगाव ट्रॅक्टर फिरत होते. “मग अण्णा, हाही नारळच झाला की!”

अण्णांनी बहात्तरच्या दुष्काळात रस्त्याच्या कामावर खडी फोडलेली आहे. मला वाटलं ते मान डोलावतील. ते म्हणाले, “आपल्या पोरांनी नारळ दुसऱ्याच्या चित्रावरनं उतरवला होता. ह्यानं ही टेकडी कुणाच्या चित्रावरनं उतरवली? दहा वर्षांचा असताना बघितलेली असणार. पोराला टेकडी अशीच दिसती. मी खडी फोडत होतो तेव्हा रात्री डोळे मिटले की मला आमची मोट चाललेली दिसायची.”

मला अजूनही ते पुरतं पटलेलं नाही. शेत गमावणाऱ्या माणसाला त्याच्या चित्रांत जागा मिळायला हवी होती असं मला वाटतं. पण ती टेकडी खोटी आहे असं मात्र आता म्हणवत नाही. बाप असतानाचं, १९०१ पूर्वीचं शेत तो काढत राहिला.

मिसुरीचा थॉमस हार्ट बेंटन, कॅन्ससचा जॉन स्टुअर्ट करी आणि आयोवाचा हा, या तिघांची नावं मग एकत्र घेतली जाऊ लागली. रिजनॅलिझम म्हणजे आपल्या मुलखाची चित्रकला असं बिरुद लागलं. १९३४ साली ‘टाइम’नं त्यावर मोठा लेख छापला. त्याच वर्षी ग्रँट आयोवा विद्यापीठात शिकवायला गेला. १९३५ साली त्यानं सारा मॅक्सनशी लग्न केलं, त्याच वर्षी हॅटी गेल्या, आणि लग्न तीनचार वर्षांतच मोडलं. विद्यापीठातले दिवसही सुखाचे गेले नाहीत. नव्या विभागप्रमुखांना आधुनिक युरोपीय कला हवी होती, याची चित्रं त्यांना मागासलेली वाटत. त्याच्या खासगी आयुष्याबद्दल कुजबुज होती. तिथंच शिकवणारे एच. डब्ल्यू. जॅन्सन यांनी तर पुढं या सगळ्या चित्रकलेचं नातं नाझींच्या कलेशी जोडलं. आपल्या गावावर प्रेम करणाऱ्याला किती चटकन संशयानं बघितलं जातं! आणि त्या काळात तो संशय अगदीच निराधार होता असंही नाही, हे मला कबूल करावं लागतं. मातीचं गाणं गाणारे तेव्हा जर्मनीतही होते.

मला त्याचं उत्तर एका विद्यार्थिनीत सापडतं. एलिझाबेथ कॅटलेट. तिचे आजी-आजोबा गुलामीत जन्मलेले. ती आयोवात शिकायला आली तेव्हा कृष्णवर्णीय म्हणून तिला वसतिगृहात खोली मिळाली नाही, गावात राहावं लागलं. ग्रँट वुडनं तिला सांगितलं की, तुला जे सगळ्यात जास्त माहीत आहे ते कर. त्यानं आयोवाच्या टेकड्या काढायला सांगितलं नाही. तिनं चुनखडीच्या दगडात एक कृष्णवर्णीय आई आणि तिला बिलगलेलं मूल घडवलं. १९४० साली तिला शिल्पकलेतली पदव्युत्तर पदवी मिळाली, आणि त्याच वर्षी शिकागोच्या प्रदर्शनात त्या शिल्पाला पहिलं बक्षीस. पुढं ती मेक्सिकोत स्थायिक झाली आणि नव्वदी ओलांडेपर्यंत काम करत राहिली. आपल्या लोकांची, विशेषतः बायकांची शिल्पं. मास्तराच्या एका वाक्याचं एवढं होतं. अण्णांना मी हे दोनदा सांगितलं. दुसऱ्यांदा त्यांनीच सांगायला लावलं.

ग्रँट वुड १२ फेब्रुवारी १९४२ला आयोवा सिटीच्या रुग्णालयात स्वादुपिंडाच्या कर्करोगानं गेला. दुसऱ्या दिवशी एक्कावन्न पुरी झाली असती. बेंटननं लिहून ठेवलंय की, शेवटच्या भेटीत तो म्हणाला, बरा झालो तर नाव बदलेन, मला कुणी ओळखत नाही अशा ठिकाणी जाईन आणि नव्यानं सुरुवात करेन. अनामोसाच्या दफनभूमीत आम्ही त्याची कबर शोधली. लहानशी आहे. अण्णांनी चप्पल काढली आणि थोडा वेळ उभे राहिले.

त्या रात्री जेवणं झाल्यावर अण्णांनी नातीकडून ड्रॉइंगचा कागद आणि पेन्सिल मागून घेतली. जन्मभर त्यांनी पोरांना शिकवलं, दर सणाला शाळेचे फलक रंगवले, गावातल्या दुकानांच्या पाट्या लिहून दिल्या, पण आईचं चित्र कधी काढलं नव्हतं. आईनं एकदा म्हटलंही होतं, सगळ्या गावाचं करता, माझं काढा की एखादं. तेव्हा त्यांना वेळ नव्हता. आता ते जेवणाच्या टेबलाशी वाकून बसले होते. मी भांडी आवरत होते, मुद्दाम तिकडे बघत नव्हते. थोड्या वेळानं त्यांनी हाक मारली.

“ती नागमोडी लेस असायची बघ, तुझ्या आईच्या शिवणात. तिचा वळसा केवढा असतो गं?”

आई चार वर्षांपूर्वी इथं आली होती तेव्हा तिनं माझ्या मुलीला एक झबलंवजा फ्रॉक हातानं शिवला होता. निळा, खाली दोन ओळी पांढरी नागमोडी लेस. मुलगी उंच झाली, फ्रॉक कपाटात राहिला. मी तो आणून टेबलावर ठेवला. अण्णांनी चष्मा कपाळावर सरकवला, फ्रॉकची कड बोटांवर ताणून धरली आणि पेन्सिलच्या टोकानं एक एक वळण मोजायला लागले. मध्येच चुकले, परत पहिल्यापासून सुरू केलं.